जिन्याची शेवटची पायरी आणि घराचा ‘प्लॅन’

माझ्या काकांच्या घरात जिना चढताना शेवटच्या पायरीला सगळेच अडखळतात. काकू वीस वर्षं त्या घरात राहतात, तरी हातात चहाचा ट्रे असला की वरच्या टोकाला क्षणभर थांबतात, पाय नेहमीपेक्षा जास्त उचलतात आणि मग वर येतात. एकदा मी टेप लावून मोजलं. पहिली पायरी जेमतेम पाच इंच, मधल्या सगळ्या पावणेसातच्या आसपास आणि शेवटची आठाच्या वर.

मिस्त्री वाईट नव्हता. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्याचा साचा, करताना त्याने अठराही पायऱ्या अगदी सारख्या काढल्या होत्या. घोळ झाला आठ महिन्यांनी, फरशी बसताना. खालच्या खोलीत माल आणि लादी मिळून अडीच इंच चढले, वरच्या मजल्यावरही अडीच चढले, पण पायऱ्यांवर बसला फक्त एक इंचाचा दगड. त्यामुळे पहिली पायरी दीड इंचाने बुटकी झाली आणि शेवटची दीड इंचाने उंच. फरशी किती जाडीची येणार, हे सेंट्रिंगवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. फरशीवाला आला तेव्हा पायऱ्या ओतून झाल्या होत्या. दोघं एकमेकांना कधी भेटलेच नाहीत.

एका घरावर अशी कितीतरी माणसं वेगवेगळ्या महिन्यांत येऊन जातात: गवंडी, सळया बांधणारे फिटर, सेंट्रिंगवाले, वायरमन, प्लंबर, सुतार, फरशीवाले, रंगारी. या सगळ्यांची भेट आधी कागदावर घडवून आणणं हे आर्किटेक्टचं खरं काम. घराचा देखणा चेहरा हा त्याचा एक भाग झाला. लोक मात्र आर्किटेक्टकडे जातात ते ‘प्लॅन पास करून घ्यायला’, आणि पुढची बरीचशी गल्लत त्या एका शब्दातून सुरू होते.

## ‘प्लॅन’ एक नव्हे, निदान चार

पहिला कागद म्हणजे आराखडा. कोणती खोली कुठे, दार कुठे, ऊन कुठून. हा पेन्सिलीने काढायचा आणि मन भरेपर्यंत खोडायचा.

दुसरा मंजुरीचा नकाशा. बोलीभाषेत सबमिशन ड्रॉइंग. नगरपालिकेला किंवा नियोजन प्राधिकरणाला मुख्यतः दोन गोष्टी पाहायच्या असतात: तुम्ही हद्दीपासून पुरेसं अंतर सोडलं का आणि परवानगीपेक्षा जास्त तर बांधत नाही ना. स्विच कुठे, फरशी किती जाड, मोरीचा उतार कुणीकडे, याच्याशी त्या कार्यालयाला कर्तव्य नसतं. म्हणून ते त्या नकाशात नसतं.

तिसरा आरसीसीचा, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा नकाशा. पाया किती खोल, कॉलममध्ये किती जाडीच्या किती सळया, त्यांना वेढणाऱ्या रिंगा किती अंतरावर. हा स्ट्रक्चरल इंजिनिअर काढतो. गावोगावी त्याला ‘आरसीसीवाले’ म्हणतात.

चौथा, आणि सगळ्यात दुर्लक्षित, म्हणजे कामाचे नकाशे, वर्किंग ड्रॉइंग. हा एक कागद नसतो, चांगलं जाडजूड बाड असतं. प्रत्येक खिडकीची खालची उंची, प्रत्येक नळाची भिंतीपासूनची जागा, गीझरचा पॉइंट, जिन्याचा उभा छेद आणि त्यात तयार फरशीची लेव्हल. काकांच्या घरी पहिले तीन कागद होते. चौथा नव्हता.

शिंप्याचं उदाहरण घ्या. मंजुरीचा नकाशा म्हणजे ‘ब्लाउजला एक मीटर कापड पुरेल’ एवढं कळणं. अंगाची मापं, गळा, बाहीची लांबी लिहिलेली चिठ्ठी म्हणजे कामाचे नकाशे. नुसतं कापड दिलं तरी ब्लाउज शिवून मिळतो, फक्त तो कुणाच्या मापाचा होईल हे कारागिराच्या अंदाजावर राहतं.

## आर्किटेक्ट म्हणायचं कुणाला?

आपल्याकडे नकाशा काढून देणारे बरेच जण असतात. त्यात आर्किटेक्ट असतात, सिव्हिल इंजिनिअर असतात, ड्राफ्ट्समनही असतात. वास्तुविशारद कायदा १९७२ चा. त्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. पाच वर्षांची पदवी घेतल्यावर ही नोंदणी होते आणि नोंदणी क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो. तो क्रमांक मागायला लाजू नका. कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो.

एक बारकावा इथे कळायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाचं रक्षण करतो. नोंदणी नसलेल्याने इमारतीची रचना करण्यावर तो बंदी घालत नाही. म्हणजे अनुभवी सिव्हिल इंजिनिअरने तुमच्या घराचा आराखडा काढणं बेकायदा नाही. पण आर्किटेक्ट आणि इंजिनिअर यांचं शिक्षण वेगवेगळ्या प्रश्नांचं असतं. घरात माणसं कशी वावरतील, हवा-उजेड कसा फिरेल, हा आर्किटेक्टचा प्रश्न. घर उभं कसं राहील, हा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. तुम्हाला दोघंही लागतात आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं असावं लागतं. नाहीतर दिवाणखान्याच्या मधोमध बीम उतरतो आणि मग पीओपीचं छत करून तो झाकण्यात पैसे जातात.

## खोल्या मोजू नका, दिवस सांगा

पहिल्या भेटीत बहुतेक जण सांगतात, ‘थ्री बीएचके, हॉल मोठा, किचन पूर्वेला.’ सोबत मोबाइलमध्ये साठवलेले वीस थ्रीडी फोटो. यातून तुम्हाला काय आवडतं हे कळतं, तुम्ही कसे राहता हे कळत नाही.

त्याऐवजी घरातला एक दिवस सांगा. सकाळी पाचला कोण उठतं? त्याने दिवा लावला की कुणाची झोपमोड होते? आजींना रात्री दोनदा उठावं लागतं, तर त्यांची खोली आणि संडास यांत किती पावलं असावीत? कपडे कुठे वाळतात, पावसाळ्यात कुठे वाळतात? वर्षाचे गहू भरून ठेवता का? पापड-कुरडया कुठे वाळवता? गणपती कुठे बसतो आणि तेव्हा पंचवीस माणसं आरतीला कुठे उभी राहतात? चपला कुठे निघतात? हे प्रश्न किरकोळ वाटतील, पण घरातल्या रोजच्या कुरबुरी याच गोष्टींवरून होतात.

आमच्या घराच्या वेळी आर्किटेक्ट बाईंनी आईला विचारलं, ‘भाजी कुठे बसून निवडता?’ आई म्हणाली, ‘मागच्या दारात, पायरीवर.’ नव्या नकाशात मागचं दारच नव्हतं. आम्हा कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, आईच्याही नाही. पुढच्या भेटीत मागचं दार आलं, दोन रुंद पायऱ्या आल्या आणि त्यांच्यावर छज्जा आला. खर्च झाला खोडरबरचा.

हवामानही याच टप्प्यावर बोलायचं. कोकणात पाऊस वाऱ्याबरोबर तिरका आत येतो, तिथे उतरतं छप्पर आणि खोल वळचण हवी. विदर्भात पश्चिमेच्या मोठ्या काचेच्या खिडकीतून मे महिन्यात जे ऊन येतं, ते एसीच्या बिलात वर्षानुवर्षं दिसत राहतं. पुण्याच्या एखाद्या बंगल्याचा फोटो चिपळूणला किंवा अकोल्याला जसाच्या तसा उचलून चालत नाही.

आणि उद्याचं घरही आजच सांगा. मुलाच्या लग्नानंतर वर मजला चढवायचा विचार असेल तर पाया आणि कॉलम त्या वजनाचे आत्ताच धरावे लागतात, जिनाही बाहेरून जाईल असा ठेवता येतो. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज रचलं, तेव्हा लहानातल्या लहान घरालाही शेजाऱ्याची भिंत चिकटू दिली नाही. हेतू हा की प्रत्येक कुटुंबाला आपापल्या ऐपतीने, शेजाऱ्याला विचारल्यावाचून घर वाढवता यावं. आपल्याकडे गच्चीवर गंजत उभ्या असलेल्या सळया दिसतात. त्यामागची आशा तीच असते, पण खालचा पाया वरचा मजला पेलेल की नाही याचा हिशेब बहुतेक ठिकाणी कुणी केलेला नसतो.

## दोन गुंठ्यांत नेमकं किती घर बसतं?

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दोन गुंठ्यांचा ३३ बाय ६६ फुटांचा प्लॉट घेऊ, म्हणजे २१७८ चौरस फूट. हद्दीपासून जी मोकळी जागा सोडावी लागते तिला सामासिक अंतर म्हणतात. ते रस्त्याच्या रुंदीवर आणि स्थानिक नियमांवर ठरतं. समजा समोर १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना ५ फूट सोडले. उरली २३ बाय ५१ फुटांची जागा, म्हणजे ११७३ चौरस फूट. त्यातही बाहेरच्या नऊ इंची भिंतीच जवळपास ११० चौरस फूट खातात. मग आतल्या भिंती आणि जिना.

जिन्याची भूक फार मोठी असते. मजल्याची उंची दहा फूट धरली तर अठरा पायऱ्या लागतात. मधे वळणारा जिना केला तर नऊ-नऊच्या दोन ओळी, दहा इंचांचा पाय ठेवायचा पृष्ठभाग, मधलं लँडिंग आणि वर पोचल्यावर उभं राहायची जागा. म्हणजे साधारण साडेसहा बाय तेरा फूट, एका लहान बेडरूमएवढी. ‘जिना कुठेतरी कोपऱ्यात बसवू’ असं म्हणणाऱ्याने आधी हे माप काढावं.

दुसरी मर्यादा चटई क्षेत्र निर्देशांकाची, म्हणजे एफएसआयची: प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल तो आकडा. भाकरीसाठी पीठ मोजून मिळालंय असं समजा. एकच मोठी भाकरी थापा नाहीतर दोन लहान, पीठ तेवढंच. निर्देशांक १.१ असेल तर २१७८ चौरस फुटांच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून साधारण २४०० चौरस फूट बांधता येतं.

हे सगळं करण्याआधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिगरशेतीची स्थिती आणि भूमी अभिलेख खात्याकडून झालेली मोजणी हातात हवी. शेजाऱ्याचं कुंपण हीच हद्द मानून काढलेला नकाशा पाया खोदताना भांडण घेऊन येतो.

## ‘नुसत्या कागदाचे एवढे पैसे?’

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, म्हणून मोकळेपणाने बोलू. फी तीन प्रकारे ठरते: बांधकाम खर्चाच्या टक्केवारीने, चौरस फुटाच्या दराने किंवा एकरकमी. समजा घराचा खर्च ४० लाख आणि फी ५ टक्के, म्हणजे २ लाख. आर्किटेक्टची जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर १८ टक्के कर.

टक्केवारीवर एक रास्त आक्षेप आहे: खर्च वाढला की फीही वाढते, मग तो खर्च कमी का करेल? त्यावर साधा उपाय आहे. आराखडा पक्का झाल्यावर जो अंदाजपत्रकी आकडा येईल त्यावर फी ठरवायची आणि तिथेच गोठवायची. पुढे तुम्ही स्वतः काम वाढवलंत तरच ती बदलेल.

फी एकदम द्यायची नसते. सुरुवातीला थोडी, आराखडा पक्का झाल्यावर काही, मंजुरीला नकाशा गेल्यावर काही, कामाचे नकाशे हातात आल्यावर मोठा भाग आणि उरलेली बांधकामाबरोबर. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेखी करार. कोणकोणते नकाशे मिळणार, साइटवर किती फेऱ्या, आरसीसीवाल्यांची फी यातच की वेगळी, मधेच काम थांबलं तर काय. ओळखीतला माणूस असेल तर करार आणखी गरजेचा, कारण ओळखीत मागायला जीभ उचलत नाही.

ठेकेदाराला बांधकामाचा दर विचारताना ‘स्क्वेअर फुटाला किती?’ एवढंच विचारू नका. त्या दरात कंपाउंड, बोअरवेल, पाण्याची टाकी, शोषखड्डा, वीजजोडणी, गेट हे बहुधा नसतं, आणि हे सगळं शेवटी येतं, पैसे संपत आलेले असताना. मी तर म्हणेन, ठरलेल्या बजेटचा दहावा हिस्सा बाजूला काढा आणि तो नाहीच असं समजून घराचा आकार ठरवा.

## ‘आमच्या मिस्त्रीने चाळीस घरं बांधलीत’

बांधली असतील, आणि त्याच्या हातातलं कसब कुठल्याही कागदात नसतं. ओळंब्यात भिंत चढवणं किंवा मोरीला उतार देणं नकाशा शिकवत नाही. प्रश्न कसबाचा नाही. अनुभव माणसाला वारंवार घडणाऱ्या गोष्टी शिकवतो. भूकंप चाळीस घरांत एकदाही येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी घरं कोसळली, ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच बांधली जात होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छत. उन्हात गार, थंडीत उबदार, आणि रोजच्या अनुभवाने पक्की. हजारो माणसं त्या भिंतींखाली गेली. लातूर-धाराशिवकडच्या कुणाला हे नव्याने सांगायला नको.

आजच्या आरसीसी घरातही तसेच बारकावे आहेत. कॉलमच्या रिंगेचं टोक काटकोनात वळवणं सोपं असतं आणि बघणाऱ्याला त्यात काही खटकतही नाही. भूकंपाच्या हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट उडालं की काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळया मोकळ्या होतात. म्हणून भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक सांगतं की टोक १३५ अंशांत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळवा. हे नकाशात लिहिलेलं असेल आणि कॉलम ओतण्याआधी कुणी वाकून बघणारं असेल, तर फिटर ते नीट करतो. दोन्हींपैकी एक नसेल तर वेळ वाचवतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

## वास्तुशास्त्राचं काय?

तुमची श्रद्धा असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, या अटी सुरुवातीला कळल्या तर बहुतेक बसवता येतात. त्रास होतो तो जोता झाल्यावर कुणीतरी नातलग तज्ज्ञाला घेऊन येतात तेव्हा. तेव्हा संडासाची जागा बदलायची म्हणजे ड्रेनेजची लाइन, बीम आणि मंजूर नकाशा, तिन्ही बदलायचे. ज्यांना विचारायचं त्या सगळ्यांना आराखड्याच्या टप्प्यावरच विचारून घ्या, सासरच्या माणसांसकट.

## काम सुरू झाल्यावर

आर्किटेक्ट रोज साइटवर नसतो. तो ठरलेल्या टप्प्यांवर येतो: आखणी, पाया, जोता, स्लॅबआधी, प्लास्टरआधी. रोजची देखरेख तुम्हाला किंवा तुमच्या साइट सुपरवायझरला करावी लागते. हे आधी न बोलल्यामुळे किती तरी मनं दुखावली जातात.

स्लॅबच्या दिवशी मिक्सरपाशी उभे राहा. माल घट्ट असला की पसरायला जड जातो. मग कुणीतरी बादलीभर पाणी ओततं, माल सरसर पसरतो आणि सगळे खूश होतात. पण जास्तीचं पाणी उडून गेल्यावर त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. पुढे गळती आणि लोखंडाचा गंज तिथूनच. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटच्या ठरावीक प्रमाणाच्या मालाला सिमेंटच्या एका गोणीमागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको असं मानक सांगतं, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. लोखंड साच्यापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, खाली आहेत ना तेही बघा. स्लॅबला निदान २० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण लागतं. आणि नंतर पाणी मारणं. आता बहुतेक घरांना मिश्र सिमेंटच येतं, त्याला किमान १० दिवस आणि कोरड्या उन्हाळ्यात १४.

बदल हवा असेल तर मिस्त्रीला तोंडी सांगू नका. आर्किटेक्टला कळवा, नकाशावर होऊ द्या, मग साइटवर. ‘ही खिडकी जरा सरकव’ असं सांगताना त्या भिंतीतून जाणारा पाइप तुम्हाला माहीत नसतो.

## ‘लहान प्लॉटला तर परवानगीच लागत नाही ना?’

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं तिच्यातून वगळलेली आहेत. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी प्रक्रिया फार सोपी केली: नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी. ऐकीव बातमीत याचं ‘परवानगी लागत नाही’ असं झालं. पण नियम माफ झालेले नाहीत. सामासिक अंतर तेच आणि निर्देशांकही तोच. पूर्वी नकाशातली चूक कार्यालयातला माणूस पकडून परत पाठवायचा. आता नकाशा बरोबर असल्याची जबाबदारी तुमच्यावर आणि तो काढून देणाऱ्यावर आली. लहान प्लॉटवर चुकायला जागाही कमी असते. दीड फूट इकडेतिकडे झालं की खोलीत पलंगाभोवती फिरता येत नाही.

आणि घर पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घरात राहायला हरकत नसल्याचा दाखला, घ्या. वास्तुशांत झाली, सामान आलं, की तो कागद राहून जातो. पुढे घर विकताना किंवा तारण ठेवताना नेमका तोच मागतात.

## फाइल

आमच्या आर्किटेक्ट बाईंनी प्लास्टरच्या आदल्या दिवशी एक गोष्ट करायला लावली. प्रत्येक भिंतीचा फोटो, आणि प्रत्येक फोटोत जमिनीपासून वर धरलेला टेप. कुठली वायर, कुठला पाइप, किती उंचीवर, सगळं दिसेल असं. तेव्हा सगळे दमलेले होते, मला तर कंटाळाच आला होता. तरी एकूण साठेक फोटो निघाले. छापून ते नकाशांबरोबर एका फाइलमध्ये लावले आणि फाइल कपाटात गेली.

गेल्या पावसाळ्यात बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली. ज्याने पाइप टाकले होते तो प्लंबर केव्हाच गाव सोडून गेला होता. नवा मुलगा आला. भिंतीवर बोटांनी टकटक करत म्हणाला, ‘काका, अंदाजाने फोडावं लागेल.’ मी फाइल आणली. त्याने फोटो उजेडात धरला, आकडा वाचला, जमिनीपासून टेप लावला, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि एकच टाइल काढली.